यँकीजचा हिवाळा: रोस्टर, करार आणि फ्री एजंट यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्क यँकीज या बेसबॉल संघाचा मोसम संपला की एडिसन-जर्सी सिटीपासून पुणे-ठाण्यापर्यंतच्या मराठी चाहत्यांचे प्रश्न येऊ लागतात. बरेचसे दरवर्षी तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः २०२४-२५ च्या हिवाळ्यातली आहेत, कारण त्या एका हिवाळ्यात जवळजवळ प्रत्येक नियम कामाला आला. रकमा कोटी डॉलरमध्ये दिल्या आहेत. अमेरिकी बातमीत १० मिलियन दिसले की ते १ कोटी समजा.

१. ऑफसीझन नेमका कधी सुरू होतो? कोणत्या तारखा लक्षात ठेवायच्या?

वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, शेवटचा आउट झाला की त्याच क्षणी. २०२४ मध्ये डॉजर्सने ३० ऑक्टोबरच्या रात्री यँकीजला पाचव्या सामन्यात ७-६ ने हरवलं आणि घड्याळ सुरू झालं. पुढचे पाच दिवस करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूला, म्हणजे फ्री एजंटला, फक्त जुन्याच संघाशी करार करता येतो. इतर संघांना दुसऱ्या दिवसापासून बोलता येतं, सही मात्र घेता येत नाही. ही बोलण्याची मुभा २०२४ पासूनची आहे. ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी ५ वाजता दार उघडलं. भारतात तेव्हा ५ तारखेची पहाट, साडेतीन वाजले होते.

त्यानंतर १९ नोव्हेंबर (क्वालिफाइंग ऑफरला उत्तर, प्रश्न ९, आणि रूल फाइव्हसाठी यादी निश्चित करणं, प्रश्न १४), २२ नोव्हेंबर (नॉन-टेंडर, प्रश्न ६), डिसेंबरात ९ ते ११ डॅलसमधल्या विंटर मीटिंग्ज, ९ जानेवारी (लवादासाठी आकडे देणं, प्रश्न ४) आणि फेब्रुवारीच्या मध्यावर स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे मोसमाआधीचा सराव. दरवर्षी तारखा दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात, क्रम बदलत नाही. संघ हालचाल करतो ती बहुधा यांपैकी एखाद्या तारखेच्या आदल्या दोन दिवसांत. त्यामुळे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 'काहीच घडत नाहीये' म्हणून चिडण्यात अर्थ नाही.

२. आयपीएलसारखा लिलाव का होत नाही?

आयपीएलमध्ये ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी रुपयांना घेतलं तेव्हा कुठे जायचं हे पंतच्या हातात नव्हतं. बोली लावणारे संघ, आणि प्रत्येकाच्या पिशवीत ठरलेले पैसे. बेसबॉलमध्ये फ्री एजंट झालेला खेळाडू स्वतः निवडतो: शहर, वर्षं, रक्कम, बाहेर पडायच्या अटी. जास्त पैसे देणाऱ्याला नकार देऊन कमी पैशांत दुसरीकडे जाण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. संघाच्या खर्चालाही कमाल मर्यादा नाही, आहे तो कर (प्रश्न ११).

३. फ्री एजंट व्हायला सहा वर्षं लागतात म्हणतात. मग सहा मोसम खेळलेले काहीजण फ्री एजंट का नसतात?

कारण मोजणी मोसमांची नाही, दिवसांची असते. मेजर लीगच्या (सर्वात वरच्या स्तराच्या) यादीवर १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. मोसम साधारण १८७ दिवसांचा असतो. नव्या मुलाला सुरुवातीचे दोन-अडीच आठवडे मायनर लीगमध्ये (खालच्या स्तरावर) ठेवलं की त्याचं वर्ष भरत नाही आणि संघाला एक जादा वर्ष मिळतं. ख्रिस ब्रायंटला शिकागो कब्जने २०१५ मध्ये १७ एप्रिलला वर आणलं. त्याचे १७१ दिवस भरले. एका दिवसाने चुकलं, आणि त्याने केलेली तक्रारही लवादाने फेटाळली. २०२२ च्या करारात यावर थोडा उपाय झाला: रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नव्या खेळाडूच्या) मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला पूर्ण वर्ष मिळतं. बाकीच्यांना नाही.

४. सहा वर्षं भरेपर्यंत पगार कोण ठरवतं?

पहिली तीन वर्षं जवळजवळ पूर्णपणे संघ. किमान पगार २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होता, आणि बहुतेक नवे खेळाडू त्याच्या आसपासच असतात. तीन वर्षं भरली की लवादाचा हक्क. दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान असलेल्यांतले सेवेने वरचे २२ टक्केही त्यात येतात; त्यांना 'सुपर टू' म्हणतात.

लवादात खेळाडू एक आकडा देतो, संघ दुसरा. सुनावणी झाली तर तिघांचं मंडळ दोहोंतला एकच निवडतं, मधला आकडा काढता येत नाही. म्हणून दोन्ही बाजू सुनावणीआधीच मध्यावर येतात. पिचर (चेंडू टाकणारा) डेव्हिन विल्यम्सने २०२५ साठी ९० लाख मागितले, यँकीजने ८२ लाख देऊ केले, करार झाला ८६ लाखांवर.

यात एक खोच आहे. सुनावणीविना झालेल्या करारातला पगार हमीचा असतो, सुनावणीत जिंकलेला नसतो. जे. डी. डेव्हिसने २०२४ मध्ये जायंट्सविरुद्ध ६९ लाखांची सुनावणी जिंकली आणि मार्चमध्ये संघाने त्याला सोडून दिलं. हातात आले सुमारे ११ लाख. नियमाप्रमाणे बरोबर, पण खेळाडूच्या दृष्टीने हा अन्यायच आहे.

५. ४० जणांची आणि २६ जणांची यादी यांत फरक काय?

रोज सामन्याला तयार असतात ते २६, सप्टेंबरात २८. ४० च्या यादीत हे २६ आणि मायनर लीगमध्ये ठेवलेले पण संघाने राखलेले खेळाडू असतात. हिवाळ्यात सगळा खेळ या ४० जागांचा. फ्री एजंट घ्यायचा तर जागा हवी, तरुण पिचरला रूल फाइव्हपासून (प्रश्न १४) वाचवायचं तर जागा हवी, ट्रेडमध्ये (खेळाडूंच्या अदलाबदलीत) दोन देऊन तीन घेतले तर एक जागा जादा हवी. 'अमक्याला घेतलं तर कोणाला काढणार?' याचं उत्तर जो देत नाही, त्याचा अंदाज अर्धवट आहे.

स्प्रिंग ट्रेनिंगला बोलावलेले मायनर लीग करारवाले या ४० त नसतात. म्हणून जानेवारीत संघ असे करार भराभर करतो. त्यांना जागा लागत नाही.

६. नॉन-टेंडर म्हणजे खेळाडूला हाकलणं का?

नाही. लवादाच्या हक्कात आलेल्या खेळाडूला पुढच्या वर्षाचा करार देऊ न करणं, एवढाच अर्थ. तो लगेच फ्री एजंट होतो आणि कधीकधी कमी पगारावर त्याच संघात परततो. लवादात पगार सहसा वरच चढत जातो. खेळ जेमतेम आणि पगार चढता, असा राखीव खेळाडू दिसला की २२ नोव्हेंबरच्या सुमारास त्याच्या नावाकडे लक्ष ठेवा.

७. क्लब ऑप्शन, प्लेयर ऑप्शन, बायआउट, ऑप्ट-आउट: कोण काय ठरवतं?

क्लब ऑप्शन संघाचा, प्लेयर ऑप्शन आणि ऑप्ट-आउट खेळाडूचे. संघाने नाही म्हटलं तर द्यायची रक्कम म्हणजे बायआउट.

२०२४ च्या नोव्हेंबरात यँकीजपुढे दोन सोपे निर्णय होते. ल्यूक वीव्हरचा ऑप्शन २५ लाखांचा. त्या ऑक्टोबरात नववी इनिंग त्याच्याच हातात होती, त्यामुळे विचार करायचं कारणच नव्हतं. अँथनी रिझोचा १.७ कोटींचा, बायआउट ६० लाख. इथे हिशेब नीट करा: ६० लाख कसेही जाणारच होते, म्हणजे रिझोला ठेवण्याची खरी किंमत १.१ कोटी. १.७ धरून वाद घालणारे इथेच चुकतात. पण त्या मोसमात जूनमध्ये त्याचा हात मोडला, सप्टेंबरात दोन बोटं, ९२ सामन्यांत फलंदाजीची सरासरी .२२८ आणि ८ होम रन. संघाने नाही म्हटलं आणि पहिल्या बेससाठी पॉल गोल्डश्मिटला १.२५ कोटींत एका वर्षासाठी घेतलं.

८. गेरिट कोलने ऑप्ट-आउट घेतला, तरी तो यँकीजमध्येच कसा राहिला?

हा सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न. कोलच्या ९ वर्षं, ३२.४ कोटींच्या करारात २०२४ नंतर बाहेर पडायची सोय होती. तेव्हा चार वर्षं आणि १४.४ कोटी शिल्लक होते. त्यातच उलट कलम होतं: तो बाहेर पडला तर यँकीज आणखी एक वर्ष, ३.६ कोटींचं, जोडून ऑप्ट-आउट रद्द करू शकत होते.

२ नोव्हेंबरला कोलने बाहेर पडत असल्याचं कळवलं. यँकीजना पाचवं वर्ष जोडायचं नव्हतं, कारण तेव्हा तो ३८ वर्षांचा झाला असता. कोललाही बाजारात जायची घाई नव्हती. मुदत एक दिवस वाढवली आणि शेवटी दोघांनी ठरवलं की ऑप्ट-आउट झालाच नाही असं समजून जुना करार चालू ठेवायचा. मार्च २०२५ मध्ये कोलच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि तो पूर्ण मोसमाला मुकला. तिशीतल्या पिचरला एक वर्ष जादा देताना संघ हात का आखडतो, ते इथे दिसतं.

९. क्वालिफाइंग ऑफर म्हणजे काय? घेतली नाही तर कोणाचं काय जातं?

आपला खेळाडू फ्री एजंट होतोय, तर संघ त्याला एका वर्षाची ठरलेली रक्कम देऊ करू शकतो. ही रक्कम सर्वाधिक पगारवाल्या १२५ खेळाडूंची सरासरी असते. २०२४ ला २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर. खेळाडूने हो म्हटलं तर तो एका वर्षासाठी परत आला. नाही म्हटलं आणि दुसरीकडे गेला तर जुन्या संघाला ड्राफ्टमध्ये (हौशी खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) भरपाई मिळते, नव्या संघाचं नुकसान होतं.

नुकसान संघागणिक वेगळं. यँकीजसारखा लक्झरी टॅक्स (प्रश्न ११) भरणारा संघ असेल तर त्याच्या वरून दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकाच्या ड्राफ्ट निवडी जातात, शिवाय परदेशी मुलांना करारबद्ध करण्याच्या निधीतून १० लाख डॉलर. पिचर मॅक्स फ्रीडला अटलांटाने ही ऑफर दिली होती, त्यामुळे यँकीजने त्याला घेताना हे सगळं मोजलं. फलंदाज हुआन सोटो न्यूयॉर्क मेट्सकडे गेल्याबद्दल यँकीजला मिळाली ती चौथ्या फेरीनंतरची एक निवड, कारण कर भरणाऱ्या संघाची भरपाई तळातली असते.

दोन अपवाद. मोसमाच्या मध्यात ट्रेड झालेल्याला ऑफर देता येत नाही. आणि कारकिर्दीत ती एकदाच मिळते.

१०. यँकीजने सोटोला ऑफर दिली, ग्लेबर टोरेसला का नाही?

सोटो नाही म्हणणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. टोरेस मात्र हो म्हणण्याची भीती होती. २.१ कोटी त्याच्या बाजारभावापेक्षा जास्त होते. डेट्रॉइटने त्याला घेतलं ते १.५ कोटींत, एका वर्षासाठी. म्हणजे यँकीजचा अंदाज बरोबर होता. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटने त्याला २ कोटी २० लाख २५ हजारांची ऑफर दिली आणि टोरेसने ती घेतली. त्याच नोव्हेंबरात ट्रेंट ग्रिशमने ३४ होम रनांच्या मोसमानंतर यँकीजची ऑफर स्वीकारली. 'भरपाईसाठी देऊन टाकायची' असं म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. होकार आला तर पगार द्यायची तयारी असेल तरच ऑफर द्यायची असते.

११. लक्झरी टॅक्स मोजतात कसा? यँकीज त्याला एवढे घाबरतात का?

४० जणांच्या करारांची वार्षिक सरासरी आणि खेळाडूंच्या विमा-निवृत्तीसारख्या लाभांचा खर्च यांची बेरीज करतात. सरासरी हा शब्द महत्त्वाचा: त्या वर्षी हातात पडलेला पगार नव्हे, एकूण हमीची रक्कम भागिले वर्षं. फ्रीडचे ८ वर्षांत २१.८ कोटी, म्हणजे दरवर्षी २ कोटी ७२ लाख ५० हजार, मग प्रत्यक्षात कधी कमी मिळोत कधी जास्त.

२०२५ साठी पहिली रेषा २४.१ कोटींवर होती, पुढच्या २६.१, २८.१ आणि ३०.१ वर. सलग तिसऱ्या किंवा त्याहून जास्त वर्षी रेषा ओलांडणाऱ्याला पहिल्या टप्प्यात ५० टक्के, दुसऱ्यात ६२, तिसऱ्यात ९५ आणि सर्वात वर ११० टक्के कर बसतो. यँकीज याच गटात आहेत. ३०.१ कोटींच्या वर गेल्यावर २ कोटींचा खेळाडू घेतला तर कर २ कोटी २० लाख, म्हणजे तो पडला ४ कोटी २० लाखांना. फेब्रुवारीत 'फक्त ५० लाखांचा तर पिचर आहे, घ्या की' असं वाटतं तेव्हा हा हिशेब करून पाहा.

२०२४ चा यँकीजचा कर ६.२५ कोटी होता. शिवाय तिसरी रेषा ओलांडली की ड्राफ्टमधली पहिली निवड दहा जागा मागे जाते. २०२५ मध्ये यँकीजची पहिली निवड ३९ व्या क्रमांकावर आली ती यामुळे.

१२. सोटोसाठी यँकीजने ७६ कोटी दिले होते, मेट्सने ७६.५. पन्नास लाखांसाठी गेला का?

फरक पन्नास लाखांचा नाही. यँकीजचे ७६ कोटी १६ वर्षांचे, वर्षाला ४.७५ कोटी. मेट्सचे ७६.५ कोटी १५ वर्षांचे, वर्षाला ५.१ कोटी. त्यात ७.५ कोटी सही करतानाच, आणि एक पैसाही पुढे ढकललेला नाही. पाच वर्षांनी बाहेर पडायचा हक्क आहे. तो मोडायचा तर मेट्सला उरलेल्या दहा वर्षांत दरवर्षी ४० लाख वाढवून द्यावे लागतील, म्हणजे एकूण ८०.५ कोटी. त्यामुळे २०२९ नंतर त्याच्याकडे एक तर नवा करार असेल, नाही तर मोठा झालेला जुना.

२६ वर्षांचा, ४१ होम रन मारून आलेला, क्लीव्हलँडमध्ये दहाव्या इनिंगला चेंडू कुंपणापार धाडून संघाला वर्ल्ड सिरीजला नेणारा खेळाडू गेला याचं दुःख खरं आहे, ते आकड्यांनी कमी होत नाही. पण यँकीजने कंजुषी केली, हा आरोप टिकत नाही.

डॉजर्सच्या शोहेई ओटानीच्या ७० कोटींशी याची तुलना करू नका. त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ दरम्यान मिळणार आहेत, म्हणून करासाठी त्याची सरासरी सुमारे ४.६ कोटीच धरली जाते.

१३. सोटो गेल्यावर तो पैसा कुठे गेला? निर्णय बरोबर ठरले का?

सोटोची बातमी ८ डिसेंबरच्या रात्री आली. दोन दिवसांत फ्रीड. १३ तारखेला मिलवॉकीकडून क्लोझर (सामना संपवायला येणारा पिचर) डेव्हिन विल्यम्स, बदल्यात नेस्टर कोर्टेस आणि केलेब डर्बिन. १७ ला कब्जकडून कोडी बेलिंजर; पगार २.७५ कोटी, त्यातले ५० लाख कब्ज देणार. मग गोल्डश्मिट. फ्रीडची सरासरी, बेलिंजरचे उरलेले २.२५ कोटी, गोल्डश्मिट आणि विल्यम्स मिळून वर्षाला सुमारे ७.१ कोटी. एका फलंदाजाच्या जागी चार जण.

फ्रीडने १९ विजय, ५ पराभव, २.८६ ईआरए (दर नऊ इनिंगला दिलेल्या धावा, जितका कमी तितका चांगला) अशी कामगिरी केली आणि कोल नसताना सगळा भार उचलला. बेलिंजरने २९ होम रन मारले. विल्यम्सचा ईआरए ४.७९ राहिला, क्लोझरची जागा गेली. तिसऱ्या बेसचं भोक मात्र डिसेंबरात बुजवलंच नाही: टोरेस गेल्यावर जॅझ चिझमला दुसऱ्या बेसवर नेलं आणि तिसरा बेस वाऱ्यावर सोडला. जुलैत रायन मॅकमहनला कोलोराडोतून आणावं लागलं. आमच्या मते त्या हिवाळ्यातली खरी चूक ही. तरी २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी संघाचे विजय ९४च.

१४. रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये (दुसऱ्या संघाची न राखलेली पोरं उचलण्याच्या निवडीत) आपली पोरं का जातात?

१८ किंवा त्याहून लहान वयात करार झालेल्या मुलाला पाच मोसमांत, १९ किंवा मोठ्या मुलाला चार मोसमांत ४० च्या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर दुसरा संघ १ लाख डॉलर देऊन त्याला नेऊ शकतो. अट एकच, पण जड: नेलेल्याला पूर्ण मोसम २६ च्या यादीत ठेवायचं. जमलं नाही तर आधी वेव्हरवरून इतर संघांसमोर आणि मग ५० हजारांत मूळ संघाला परत. त्यामुळे जातात ते बहुधा लगेच रिलीफला (सुरुवातीच्या पिचरच्या जागी) उभे राहू शकणारे पिचर. १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप कितीही गुणी असला तरी त्याला वर्षभर बाकावर बसवणं कोणाला परवडत नाही. पिट्सबर्गने १९५४ मध्ये ब्रुकलिनकडून रॉबर्टो क्लेमेंटेला असंच उचललं होतं. म्हणून हा ड्राफ्ट कोणी हलक्यात घेत नाही.

१५. जखमी खेळाडू हिवाळ्यात ४० मध्ये मोजतात का?

हो. ६० दिवसांच्या जखमी यादीवर असताना जागा मोकळी होते, पण वर्ल्ड सिरीजनंतर पाच दिवसांनी ती यादीच बंद होते आणि सगळे परत ४० त येतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओळखीचे तीन-चार राखीव खेळाडू अचानक सोडले जातात, त्याचं कारण हेच. स्प्रिंग ट्रेनिंग सुरू झालं की यादी पुन्हा उघडते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमधल्या सह्यांकडे बघताना कोण ६० दिवसांवर जाऊ शकतो ते आधी बघा.

१६. 'ऑप्शन संपले' आणि डीएफए म्हणजे काय?

इथला ऑप्शन प्रश्न ७ मधला नव्हे. ४० मधल्या खेळाडूला तीन वेगवेगळ्या मोसमांत मायनर लीगमध्ये पाठवता येतं. एका मोसमात २० दिवस किंवा जास्त खाली राहिला की एक ऑप्शन खर्च. तिन्ही संपले की खाली पाठवण्याआधी त्याला वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे कोणीही उचलू शकतो.

डीएफए (डेझिग्नेटेड फॉर असाइनमेंट) म्हणजे ४० मधून लगेच काढणं. मग सात दिवसांत ट्रेड, वेव्हर किंवा मुक्तता. हमीचा पगार त्यामुळे चुकत नाही. डीजे लमेह्यूला यँकीजने जुलै २०२५ मध्ये काढलं तेव्हा ६ वर्षं, ९ कोटींच्या करारातले सुमारे २.२ कोटी द्यायचे बाकी होते. दुसऱ्या संघाने अशा खेळाडूला घेतलं तर तो फक्त किमान पगार देतो, उरलेलं जुना संघ.

१७. स्टँटनला ट्रेड करून पैसे का वाचवत नाहीत?

यँकीजचा फलंदाज जियानकार्लो स्टँटन याच्या करारात ट्रेडला नकार द्यायचा हक्क आहे. शिवाय मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची सलग पाच एकाच संघात झालेल्या कोणालाही तो आपोआप मिळतो. त्याची परवानगी नसेल तर विषय संपला.

१८. जपानी पिचर रोकी सासाकी डॉजर्सला फक्त ६५ लाखांत कसा मिळाला? यामामोटोला तर ३२.५ कोटी दिले होते.

वयामुळे. २५ पूर्ण आणि सहा व्यावसायिक मोसम झाले नसतील तर परदेशी खेळाडूला हौशी मुलांसारखं धरतात. बोनस ठरलेल्या निधीतूनच द्यायचा आणि करार मायनर लीगचा. सासाकी जानेवारी २०२५ मध्ये २३ वर्षांचा होता. यामामोटो २५ चा होता, त्यामुळे त्याला मोकळा बाजार मिळाला. यामामोटोच्या जपानी संघाला वेगळी फी जाते: पहिल्या २.५ कोटींवर २० टक्के, पुढच्या २.५ वर साडेसतरा, उरलेल्यावर १५. म्हणजे ५ कोटी ६ लाखांच्या वर. ही फी लक्झरी टॅक्समध्ये धरत नाहीत.

१९. अफवांवर किती विश्वास ठेवायचा?

आधी बघा की बातमी पसरून फायदा कोणाचा. 'पाच संघ मागे आहेत' यात एजंटचा, 'आम्ही इतर पर्यायही बघतोय' यात संघाचा. रक्कम आणि वर्षं दोन्ही दिली असतील तर बातमी बहुधा पक्की. नुसतं 'रस आहे' हे जवळजवळ प्रत्येक खेळाडूबद्दल खरं असतं.

डिसेंबर २०२२ मध्ये एका नामांकित पत्रकाराने यँकीजचा फलंदाज ॲरन जज जायंट्सकडे चालल्याचं लिहिलं, काही मिनिटांत मागे घेतलं. जजने ९ वर्षं, ३६ कोटींवर यँकीजकडेच सही केली. वर्षभराने ओटानी टोरंटोच्या विमानात बसल्याची आवई उठली, विमानातून उतरला एक कॅनेडियन व्यावसायिक.

आणि वैद्यकीय तपासणी होईपर्यंत करार झाला असं म्हणू नका. कार्लोस कोरेयाचा जायंट्सबरोबरचा ३५ कोटींचा आणि मग मेट्सबरोबरचा ३१.५ कोटींचा, दोन्ही करार घोट्याच्या जुन्या दुखापतीवरून फिसकटले. शेवटी मिनेसोटाने २० कोटींची हमी दिली.

२०. दाढीच्या नियमामुळे खेळाडू यँकीजकडे येत नव्हते का?

१९७६ पासूनचा दाढीबंदीचा हा नियम २१ फेब्रुवारी २०२५ ला शिथिल झाला. आता नीट राखलेली दाढी चालते. त्याच हिवाळ्यात आलेल्या विल्यम्सची दाढी हे निमित्त ठरलं. करारांच्या रकमांपुढे हा मुद्दा नेहमीच दुय्यम होता.

२१. १ डिसेंबर २०२६ नंतर काय होणार?

त्या दिवशी मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला करार संपतो. तोवर नवा झाला नाही आणि मालकांनी टाळेबंदी केली तर मेजर लीगचे सगळे व्यवहार थांबतात: सही नाही, ट्रेड नाही, संघ आपल्याच ४० जणांशी बोलूही शकत नाही. २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२, असे ९९ दिवस हेच झालं होतं. तेव्हा टाळेबंदीच्या आदल्या आठवड्यात करारांची झुंबड उडाली होती. त्यामुळे २०२६ च्या नोव्हेंबरात प्रश्न १ मधल्या तारखा नेहमीपेक्षा बारकाईने बघा. ज्या खेळाडूला जोखीम नको असेल तो थँक्सगिव्हिंगच्या आसपासच सही करून मोकळा होईल.